लग्नाचा पोशाख: कात्री लावण्याआधी

माझ्याकडे लग्नाचे कपडे शिवायला येणारी पोरगी आधी मोबाईलमधला फोटो दाखवते. मी फोटो नीट बघते आणि विचारते, "लग्न झाल्यावर याचं काय करशील?" बहुतेक जणी आईकडे बघतात. मागच्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात नागपुरातल्याच इंदोऱ्याहून एक मुलगी आली होती. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "काकू, मले पॉलिस्टर नको. आन् एक दिवस घालून पेटीत पडून राहील असं बी काही नको."

मी नागपूरच्या मानेवाड्यात घरच्या पुढच्या खोलीत 27 वर्षांपासून शिवते. त्या मुलीचं काम करताना आम्ही दोघींनी जे ठरवलं, जिथे अडलो, ते सगळं इथे लिहिते. पर्यावरणाला जपणारा पोशाख म्हणजे खादीचं कापड आणून दिलं की झालं, असं पुष्कळ जणींना वाटतं. कापडानं अर्धं काम होतं. बाकीचं अर्धं दोऱ्यात, अस्तरात, नेफ्यात आणि शिवणीत सोडलेल्या मायेत, म्हणजे जास्तीच्या कापडात असतं. ते तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं नाही, तर शिवणारी बाई हाताला असेल तो पॉलिस्टरचा दोरा ओवते आणि सुरू करते. मीही कित्येक वर्षं तेच केलं.

किती आधी यायचं

लग्न डिसेंबरात असेल तर पोळ्याच्या सुमारास, एप्रिल-मे मध्ये असेल तर संक्रांतीला. तीन महिने खरंच लागतात. दिवाळीच्या तोंडावर कोणत्याही शिंप्याकडे असं काम घेऊन जाऊ नका. तेव्हा आमच्याकडे ब्लाउजांचे गठ्ठे पडलेले असतात, आणि या कामाला डोकं शांत लागतं.

कापड

त्या मुलीचं लग्न बौद्ध पद्धतीनं होतं, त्यामुळे रंग पांढरा हे ठरलेलंच होतं. प्रश्न होता, कोणता पांढरा. बाजारातलं झगझगीत पांढरं सॅटिन जवळपास सगळं पॉलिस्टर असतं, म्हणजे मुळात पेट्रोलियम. आणि सुती असलं तरी तो दुधाळ-निळसर पांढरेपणा रसायनांनी ब्लीच करून, वर चमक देणारी पावडर लावून आणलेला असतो. आम्ही कोरी खादी घेतली. न रंगवलेली, न ब्लीच केलेली. तिचा रंग सायीसारखा असतो, आणि जवळून बघितलं तर धाग्यात कुठेकुठे सरकीच्या टरफलाचा बारीक तपकिरी ठिपका दिसतो.

तो ठिपका बघून तिच्या आईचा चेहरा उतरला. "लोक म्हणतील, पोरीले मळका कपडा नेसवला." ही काळजी खोटी नाही, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. आम्ही कापड रिठ्याच्या पाण्यात रात्रभर भिजवलं, धुतलं, आणि गच्चीवर जुन्या चादरीवर ओलं पसरलं. वाळलं की पुन्हा पाणी शिंपडायचं. नागपूरचं ऊन आहे, चार दिवसांत रंग दोन छटा उजळला. मग पांढऱ्या फुलांच्या हाराशेजारी धरून दाखवलं, तेव्हा आईनं मान हलवली. रंग पारखायचा तर असाच पारखा: दुकानातल्या दिव्याखाली नको, दारात, आणि ज्या फुलांचा हार येणार आहे त्या फुलांशेजारी.

खादी म्हणजे हातानं कातलेलं आणि हातानं विणलेलं कापड. पण खादीच्या दुकानात पॉलीवस्त्र नावाचंही कापड मिळतं, त्यात पॉलिस्टर असतं. पट्टीवर काय लिहिलंय ते वाचा. सेंद्रिय कापसाचा दावा असेल तर प्रमाणपत्र विचारा. रेशमासाठी सिल्क मार्क बघा. एकदा एका दुकानातून मी 'ऑरगॅनिक कॉटन' म्हणून महागाचं कापड आणलं, घरी येऊन एक धागा जाळला, आणि वितळून त्याचा टणक मणी झाला. तेव्हापासून जाळून पाहिल्याशिवाय मी कात्री लावत नाही. ताण्यातला (उभा) एक आणि बाण्यातला (आडवा) एक, असे दोन्ही धागे काढून वेगवेगळे जाळा, कारण भेसळ बरेचदा एकाच बाजूला असते. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि काळी गाठ बोटांत चुरते. पॉलिस्टरची गाठ चुरत नाही. रेयॉनही सुतासारखंच जळतं, तेवढं मात्र या परीक्षेत कळत नाही.

ओढणीसाठी आपल्याकडे कोसा, म्हणजे टसर रेशीम आहे, त्यासाठी दूर कुठे बघायची गरज नाही. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढतात, आणि भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे त्याचं विणकाम चालतं. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते ती करवत काठी, तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. कोशाचा मूळ रंग मधासारखा, रंगवायची गरज नाही, आणि कोऱ्या खादीवर तो सुरेख दिसतो. किडा मारलेलं रेशीम नको असेल तर पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशातून कातलेला धागा मागा. तो थोडा जाडाभरडा असतो आणि चमक कमी असते. मला तो जास्त आवडतो.

लाल-पिवळं हवं असणाऱ्यांसाठी: वर्ध्याच्या मगन संग्रहालयात (1938 साली गांधीजींच्या हस्ते ते सुरू झालं) नैसर्गिक रंगांत रंगवलेली खादी मिळते. जाऊन एकदा हात लावून बघा. लाल मंजिष्ठेचा घ्या, टिकतो. नुसत्या हळदीनं रंगवलेला पिवळा उन्हात उडतो, पळसाचाही फार दिवस राहत नाही. मामाकडून येणारी अष्टपुत्री हळदीत रंगवायची हौस असेल तर जरूर करा, फक्त ती वर्षानुवर्षं तशीच राहील असं धरून चालू नका.

कापण्याच्या आधी धुवा

हे एक वाक्य मी प्रत्येकीला दोनदा सांगते. हातमागाचं कापड आटतं. बऱ्याच वर्षांपूर्वी मी घाईत न धुता एक खादीचा घागरा शिवला होता. पहिल्या धुण्यात तो दोन इंच वर गेला आणि नवरीचे पैंजण उघडे पडले. तिनं मला काही म्हटलं नाही. मला मात्र आजही तो घागरा आठवतो.

दोनदा धुवायचं, खळ पूर्ण जाईपर्यंत. या मुलीच्या घागरा-ब्लाउजसाठी साडेपाच मीटर आणलं होतं. धुतल्यावर ते पाच मीटर वीस सेंटिमीटर भरलं आणि 36 इंचांचा पन्हा (कापडाची रुंदी) 35 झाला. म्हणून कापड नेहमी पाव-अर्धा मीटर जास्त घ्या आणि पन्हा धुतल्यानंतरच मोजा.

बेत, म्हणजे कापड वाया कसं जाऊ द्यायचं नाही

फोटोत होता तो अंब्रेला घागरा. गोल कापायचा म्हटलं की कोपरे कात्रणात जातात, आणि हातानं कातलेल्या सुताचे तुकडे टोपलीत टाकताना माझा जीव तुटतो. मी तिला बारा कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा बारा पट्ट्या जोडलेला घागरा सुचवला. हिशेब असा: कंबर 30, म्हणजे प्रत्येक कळी वर अडीच इंच, त्यात दोन्ही बाजूंची दीड इंच माया धरून चार. खाली बारा अधिक दीड, साडेतेरा. एक कळी सरळ, शेजारची उलटी ठेवली की दोघी मिळून साडेसतरा इंच घेतात. 35 इंचांच्या पन्ह्यात बरोबर चार कळ्या बसल्या, मध्ये रेघेइतकंही कापड उरलं नाही. 44 इंच लांबीचे तीन तुकडे, बारा कळ्या, आणि खालचा घेर 144 इंच, म्हणजे चार वार. तीन मीटर पस्तीसमध्ये घागरा निघाला.

तुमच्या मापाचा हिशेब वेगळा येईल. पण शिवणाऱ्या बाईला हे जरूर विचारा: "या कापडाच्या पन्ह्यात माझा घागरा कसा बसवाल?" ती कागद-पेन्सिल घेऊन बसली तर तिच्याकडे काम द्या.

उरलेल्या कात्रणाच्या आम्ही कापडी गुंड्या केल्या, नाडी केली, लटकनं केली आणि एक बटवा शिवला. त्याहून बारीक चिंध्या तिच्या आजीनं गोधडीत भरायला नेल्या.

मांजरपाटाचा नमुना

महागाच्या कापडावर पहिला प्रयोग करू नये. आधी मांजरपाटाचं (साध्या कोऱ्या सुती कापडाचं) ब्लाउज कापून कच्च्या टाक्यांवर अंगाला लावून बघायचं. माप द्यायला येताना लग्नात घालायची चप्पल आणि आतले कपडे तेच घालून या. उभ्यानं माप द्या आणि बसूनही द्या. मांडी घातली की कंबर इंच-दीड इंचानं वाढते, आणि लग्नात बसावं लागतंच.

नमुना अंगावर असताना मी प्रत्येकीकडून चार गोष्टी करून घेते. हार घालायला हात पूर्ण वर. मांडी घालून खाली बसणं. हात जोडून वंदनेला वाकणं. आणि लहान मुलाला उचलल्यासारखं करणं, कारण लग्नात कोणाचं तरी लेकरू कडेवर येतंच. या मुलीचं ब्लाउज हात जोडताना मागून वर सरकत होतं. बगलेचा गोल अर्धा इंच वर घेतला आणि बगलेत चौकोनी कळी टाकली, थांबलं. गंमत अशी की बगल खोल कापली तर हात जास्त उचलता येईल असं वाटतं, पण होतं उलटं. हा नमुना फेकायचा नाही. पुढे तोच उसवून घागऱ्याच्या आतला थर होतो.

आतल्या गोष्टी, ज्या फोटोत दिसत नाहीत

दोरा. सुती दोरा मागा. बाजारातला नेहमीचा दोरा पॉलिस्टरचा असतो, तो मजबूत असतो आणि मशीनवर तुटत नाही. सुती दोरा सावकाश चालवावा लागतो, मी तर त्यासाठी पायमशीनवरच बसते. मग हट्ट का? कारण हा पोशाख पुढे रंगवायचा होता. सुती कापड रंग पितं, पॉलिस्टरचा दोरा पीत नाही, आणि मग रंगवलेल्या घागऱ्यावर प्रत्येक शिवण पांढऱ्या रेघेसारखी उठून दिसते. भरतकाम असेल तर तेही सुती किंवा रेशमी धाग्यानं करून घ्या.

अस्तर. लग्नाच्या घागऱ्याला क्रेपचं अस्तर लावतात, ते पॉलिस्टर. मे महिन्यात, पारा 45 वर असताना, नवरीला त्यात चार तास बसवणं मला पटत नाही. आमच्याकडे अस्तर आलं आजीच्या पेटीतून. आजीचं जुनं पांढरं सुती पातळ होतं, धुवून धुवून सायीसारखं मऊ झालेलं. त्याची घडी उलगडताना आजी म्हणाली, "दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दीक्षा देली तवा मी मायच्या कडेवर होती. माय सांगे, समदी गर्दी पांढरी." 14 ऑक्टोबर 1956. ते पातळ त्या दिवसाचं नव्हतं, पुष्कळ नंतरचं. पण आजीनं ते का जपलं होतं ते मला कळलं.

जुनं कापड वापरायचं तर खिडकीशी धरून बघा. जिथून उजेड जास्त येतो तिथे ते विरलंय. दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा, करकर आवाज आला तर तो भाग सोडा. पातळ बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या तळाशी झिजतं. पदराकडचं आणि काठालगतचं चांगलं राहतं. आम्ही तेवढंच घेतलं, आणि अस्तर फक्त कमरेपाशी धावदोऱ्यानं जोडलं, काढता येईल असं.

फुगारा. कॅनकॅनची जाळी नायलॉनची असते आणि पायाला टोचते. तिच्याऐवजी मांजरपाटाचा चुण्या घातलेला थर लावला आणि भाताच्या पेजेची खळ दिली. लग्नाच्या दिवसापुरता तो ताठ उभा राहिला, नंतर धुतला की मऊ.

ब्लाउजला फोमचे कप न लावता सुती कापडाचे तीन थर शिवून आकार दिला. कापड ताठ करायला आतून चिकटवायचं फ्युजिंग नको म्हटलं. चेनच्या जागी हूक आणि कापडी गुंड्या, नेफ्यात सुती नाडी. टिकल्या आणि चिकटवलेले खडे मी या पोशाखावर लावत नाही, पहिल्या धुण्यात ते गटारीत जातात. बाजूच्या शिवणीत दीड इंच माया, घागऱ्याच्या तळाला तीन इंच दुमड. पाच वर्षांनी अंग भरलं तरी ब्लाउज उसवून मोठं करता येईल.

दुसरी ट्रायल आणि पैसे

कळ्या जोडून झाल्या की घागरा दोन दिवस दोरीवर टांगून ठेवायला सांगा. तिरक्या कडा स्वतःच्या वजनानं खाली उतरतात. लगेच दुमड घातली तर लग्नात घेर वर-खाली दिसतो. मगच चप्पल घालून उभं राहायचं आणि जमिनीपासून पट्टीनं मोजून खालची रेघ मारायची.

साध्या लेहेंग्याची शिलाई मी 3,500 घेते. याची 7,000 घेतली. दोनदा धुणं, नमुना, हाताची दुमड, गुंड्या, सगळं त्यात आलं. कापड, कोसा आणि शिलाई मिळून तिला जेवढा खर्च आला, तेवढ्यात बाजारात मध्यम प्रतीचा तयार लेहेंगाच मिळाला असता. शिलाईत घासाघीस करू नका, एवढीच माझी विनंती आहे. हवं तर ओढणीचा काठ साधा घ्या.

लग्नानंतर

ड्रायक्लीनला देऊ नका, तिथली रसायनं टाळायलाच तर हा सगळा खटाटोप केला. रिठ्याच्या कोमट पाण्यात घरी धुवा, कोसा सावलीत वाळवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला तर दमटपणानं पिवळे डाग पडतात. जुन्या सुती कापडात गुंडाळा, वेखंडाची पोटली ठेवा, आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर कोसा घडीवर चिरतो.

ती मुलगी मार्चमध्ये पोशाख घेऊन परत आली. बेत आधीच ठरलेला होता: 14 एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, तो निळा करून घालायचा. नैसर्गिक निळीला रंग धरून ठेवायला तुरटी-हिरडा लागत नाही, मंजिष्ठेला लागतो. रंगारी गूळ आणि चुन्यावर निळीचं पिंप लावतो. कापड बाहेर येतं तेव्हा हिरवट असतं आणि हवेत डोळ्यांदेखत निळं होत जातं. जितके बुडे तितका गडद, आम्ही पाच घेतले. द्यायच्या आधी मी अस्तर सोडवलं, नेफा उसवला, नाहीतर चुण्यांच्या आत पांढरे पट्टे राहतात.

घागरा आला तेव्हा सगळा एकसारखा निळा होता, फक्त डाव्या बाजूच्या एका शिवणीवर वीतभर पांढरी रेघ. सुती दोऱ्याचं रीळ संपलं होतं त्या संध्याकाळी, आणि मी विसरून शेजारचं रीळ लावलं होतं. तेवढी शिवण उसवून निळ्या सुती दोऱ्यानं पुन्हा घातली. निळीचा रंग सुरुवातीला घासून उतरतो, म्हणून तीनदा धुवून पाणी नितळ येईपर्यंत थांबलो. मग आजीच्या पातळाचं पांढरं अस्तर परत कमरेला धावदोऱ्यानं लावलं, आणि 12 एप्रिलला ती घागरा घेऊन गेली.